परग्रहाचा खरा फोटो: ठिपक्यांमागची यंत्रं

आकाशवेडी

सध्या सगळ्या ग्रुपांवर एक चित्र फिरतंय. निळसर गोळा, त्यावर ढगांचे पट्टे, मागे तांबूस सूर्य आणि खाली ओळ: 'दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ग्रहाचा प्रत्यक्ष फोटो'. तो फोटो नाही, चित्रकाराने काढलेलं कल्पनाचित्र आहे. वर्तमानपत्रंसुद्धा अशी चित्रं कसलाही खुलासा न करता छापतात आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण परग्रहांचे खरे फोटो अस्तित्वात आहेत. दिसायला ते साधे असतात, काळ्या चौकटीत एक-दोन, फार तर चार पुसट ठिपके. पण ते ठिपके मिळवायला काय काय करावं लागलंय हे कळलं की त्या निळ्या गोळ्याकडे पुन्हा बघावंसं वाटत नाही. म्हणून हा धागा काढतेय.

आजवर हजारो परग्रह सापडलेत, पण त्यातले बहुतेक कुणी पाहिलेले नाहीत. ताऱ्याचा उजेड ठरावीक काळाने किंचित कमी होतो किंवा तारा किंचित डुलतो, त्यावरून ग्रह असल्याचं कळतं. ज्यांचा स्वतःचा प्रकाश कॅमेऱ्यात वेगळा पकडलाय असे ग्रह मोजकेच. याचं कारण आकड्यांत बघा. आपला सूर्य आणि पृथ्वी सुमारे ३३ प्रकाशवर्षांवरून पाहिले तर दोघांमध्ये ०.१ आर्कसेकंदाचं (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) अंतर दिसेल, आणि दृश्य प्रकाशात पृथ्वी सूर्यापेक्षा साधारण १००० कोटी पट मंद असेल. गुरू सूर्यापासून जरा लांब आहे, पण तोही १०० कोटी पट मंद. जमिनीवरच्या आजच्या कुठल्याच दुर्बिणीला हे झेपत नाही.

मग शास्त्रज्ञ तरुण ग्रहांच्या मागे लागले. ग्रह जन्मतो तेव्हा तापलेला असतो, निवायला कोट्यवधी वर्षं लागतात आणि तोवर तो अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशात आपणहून चमकत असतो. तिथे तफावत काही दहा हजार ते दहा लाख पटींवर येते. यातला माझा सगळ्यात आवडता तारा एचआर ८७९९. अंतर सुमारे १३३ प्रकाशवर्षं, वय तीन-चार कोटी वर्षं. नोव्हेंबर २००८ मध्ये ख्रिस्तियाँ मारोआ आणि सहकाऱ्यांनी हवाईतल्या केक आणि जेमिनी नॉर्थ या दुर्बिणींनी त्याचे तीन ग्रह टिपल्याचं जाहीर केलं. २०१० मध्ये चौथा सापडला. प्रत्येकाचं वस्तुमान गुरूच्या कित्येक पट. पुढे जेसन वांग यांनी केकवरच्या सात वर्षांच्या छायाचित्रांची एक छोटी चित्रफीत केली. मधला तारा झाकलेला आणि भोवती चार ठिपके सरकताहेत. सगळ्यात आतल्याला फेरीला पन्नासेक वर्षं लागतात, बाहेरच्याला साडेचारशेच्या आसपास. दुसरी एखादी सूर्यमाला चालताना आपल्या हयातीत बघायला मिळतेय, याहून मोठं काय हवं?

आता यंत्राबद्दल. पहिली झुंज हवेशी. चुलीच्या धगीवरून पलीकडची भांडी पाहिली तर ती लवलवतात, तसा ताऱ्याचा प्रकाश वातावरणातून येताना लवलवतो. त्यावर उपाय म्हणजे एक पातळ आरसा, ज्याच्या पाठीला शेकडो-हजारो बारीक दट्टे असतात. दट्टे पुढेमागे झाले की आरसा तेवढ्यापुरता वाकतो आणि हवेने केलेली वेडीवाकडी लाट सपाट करतो. यालाच अॅडाप्टिव्ह ऑप्टिक्स म्हणतात. होरेस बॅबकॉक यांनी ही कल्पना १९५३ मध्येच मांडली होती, ती अमलात यायला दशकं गेली. चिलीत पारानाल इथल्या व्हीएलटी या युरोपीय दुर्बिणीवरच्या 'स्फिअर' यंत्रात असे १३७७ दट्टे आहेत. जेमिनी प्लॅनेट इमेजर, म्हणजे जीपीआयमध्ये, ४०९६ दट्ट्यांचा आरसा चक्क सिलिकॉनच्या चिपवर घडवलेला. दोन्ही ठिकाणी सेकंदाला हजाराच्या आसपास किंवा जास्त वेळा आरशाचा आकार बदलतो.

दुसरी पायरी करोनाग्राफ. हे यंत्र फ्रान्सच्या बर्नार लियो यांनी १९३०च्या सुमारास पीक द्यु मिदी या डोंगरावर ग्रहणाशिवाय सूर्याचा प्रभामंडल बघायला बनवलं होतं. मधला तारा ठिपक्याने झाकायचा हे कुणालाही सुचेल. लियोंची हुशारी पुढच्या झडपेत आहे: झाकल्यावरही दुर्बिणीच्या कडांवरून वळून आलेला प्रकाश एका कड्यात गोळा होतो, आणि नेमकं ते कडंच दुसऱ्या झडपेने अडवायचं.

एवढं करूनही थोडा तारा उरतोच, आणि खरं भांडण त्या उरलेल्या प्रकाशाशी आहे. तो ताऱ्याभोवती बारीक ठिपक्यांच्या रूपात सांडतो, त्यांना स्पेकल म्हणतात. एकेक स्पेकल हुबेहूब ग्रहासारखा दिसतो.

मांडवीकाठ

वाचतेय. फार दिवसांनी या विषयावर मराठीत नीट काही वाचायला मिळालं. दक्षिण मत्स्यातल्या फोमलहॉटभोवतीचा ग्रह हबलने टिपला होता ना? शाळेत असताना त्याचं कात्रण वहीत लावलं होतं. त्याचं पुढे काय झालं?

भिंगवाला

मी आयुष्यभर भिंगं आणि आरसे घासायचं काम केलंय, त्यामुळे एक शंका. दट्ट्यांचा आरसा हजार वेळा दुरुस्ती करतो हे मान्य, पण कसली दुरुस्ती करायची हे त्याला कोण सांगतं? आणि सांगणारा स्वतः बरोबर आहे कशावरून?

आकाशवेडी

भिंगवाला काका, तुम्ही नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत. येणाऱ्या प्रकाशाचे दोन वाटे होतात. एक वाटा लाट मोजणाऱ्या संवेदकाकडे जातो, दुसरा करोनाग्राफमधून कॅमेऱ्याकडे. संवेदकाला जे दिसतं तेवढंच तो दुरुस्त करतो. पण वाटा फुटल्यानंतर कॅमेऱ्याच्या वाटेवर जे आरसे आणि भिंगं लागतात त्यांचे दोष त्याला दिसतच नाहीत. हे दोष काही नॅनोमीटरचे असतात, तरी त्यातून स्पेकल तयार होतात. हवेमुळे झालेले स्पेकल क्षणोक्षणी बदलतात आणि लांब एक्स्पोजरमध्ये पसरून सपाट होतात. हे यंत्राचे स्पेकल मात्र मिनिटंच्या मिनिटं जागचे हलत नाहीत, आणि तापमान बदललं, दुर्बीण कलली की हळूहळू रूप बदलतात. टिकणारा ठिपका म्हणजे ग्रह, हा सरळ हिशोब त्यामुळे चालत नाही.

मांडवीकाठ, फोमलहॉटचं खाली वेगळं लिहिते.

रात्रपाळी

लेख चांगलाय, पण मला एक गोष्ट खटकतेय. तारा झाकायचा, उरलेला प्रकाश संगणकाने वजा करायचा आणि मग जे राहील त्याला ग्रह म्हणायचं. याला फोटो म्हणणं कितपत बरोबर? वजाबाकीत काहीही उगवू शकतं. मी रोज आकडेवारीचंच काम करतो, हवं ते उत्तर काढता येतं हे मला पक्कं माहीत आहे.

आकाशवेडी

रात्रपाळी, या क्षेत्रातले लोक स्वतः याच प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळ देतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

वजाबाकी कशी होते ते आधी. या मोठ्या दुर्बिणी ज्या प्रकारच्या बैठकीवर फिरतात त्यात ताऱ्याचा पाठलाग करताना दृश्य हळूहळू गोल फिरतं. एरवी एक यंत्र हे फिरणं रद्द करतं. ग्रह शोधताना ते मुद्दाम रद्द करत नाहीत. मग होतं असं की यंत्राचे स्पेकल कॅमेऱ्यात जागच्या जागी राहतात, कारण ते यंत्राचे आहेत. ग्रह मात्र आकाशाचा, म्हणून तो ताऱ्याभोवती कंसात सरकतो. शेकडो चित्रांमधून जे स्थिर आहे ते काढून टाकायचं, मग प्रत्येक चित्र उलट फिरवून एकावर एक रचायचं. तारा मध्यान्हवृत्त, म्हणजे डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा, ओलांडतो तेव्हा हे फिरणं सगळ्यात वेगाने होतं, म्हणून निरीक्षणाची वेळ त्याभोवती मागतात. मारोआ यांनी २००६ मध्ये ही पद्धत मांडली आणि दोनच वर्षांनी त्यांच्या हाती एचआर ८७९९ लागला.

आता तुमची शंका. पडताळणी अशी करतात की कच्च्या चित्रांत स्वतःच खोटे ग्रह टाकायचे, ठरावीक जागी, ठरावीक तेजाचे. मग सगळी वजाबाकी पुन्हा चालवायची. टाकलेले किती परत मिळाले, किती मंद झाले, आणि जिथे काहीच टाकलं नव्हतं तिथे काही उगवलं का, हे बघायचं. यातून त्या रात्रीच्या यंत्राची पात्रता कळते. अमुक अंतरावर अमुक इतका मंद ग्रह असता तर दिसला असता, हे आकड्यात सांगता येतं. ग्रह न सापडलेल्या रात्रीही याच कारणाने शोधनिबंधात जागा मिळवतात.

यानंतरची कसोटी काळाची. ठिपका खरा असला तरी तो मागे दूरवर असलेला एखादा तारा असू शकतो. जवळचा तारा आकाशात दरवर्षी थोडा सरकतो, मागचा जवळपास जागीच राहतो. म्हणून वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा फोटो घेतात. ठिपका ताऱ्याबरोबर सरकला तर तो त्याच्या घरचा. या कसोटीत नापास झालेलं ठळक उदाहरण म्हणजे एचडी १३१३९९. २०१६ मध्ये तीन ताऱ्यांच्या त्या कुटुंबात स्फिअरने ग्रह टिपल्याचं जाहीर झालं, मोठी बातमी झाली. २०१७ मध्ये जीपीआयच्या गटाने दाखवलं की तो मागचा तारा आहे. २०२२ मध्ये मूळ लेखकांनी आपला शोधनिबंध मागे घेतला. मला या घटनेचा फार आदर वाटतो.

रात्रपाळी

खोटे ग्रह टाकून बघतात हे माहीत नव्हतं. आमच्याकडेही चाचणीसाठी असंच करतात. पटलं.

आकाशवेडी

मांडवीकाठ, आता फोमलहॉट. तारा २५ प्रकाशवर्षांवर. पॉल कॅलस आणि सहकाऱ्यांनी हबलच्या फोटोंमधला ठिपका २००८ मध्ये जाहीर केला, तोही एचआर ८७९९च्याच दिवशी. पण तो दृश्य प्रकाशात दिसत होता आणि अवरक्तात काही केल्या सापडत नव्हता. तापलेल्या ग्रहाचं वागणं बरोबर याच्या उलट हवं. पुढच्या वर्षांत तो पसरत आणि विरत गेला, २०१४च्या फोटोंत दिसेनासा झाला. २०२० मध्ये आंद्राश गास्पार आणि जॉर्ज रीके यांनी दाखवलं की बहुधा ती दोन बर्फाळ पिंडांच्या टकरीतून उडालेली धूळ होती. कात्रण जपून ठेवा, टकरीनंतरचा धुरळा विरताना दिसणं हेही काही कमी नाही.

याच्या उलट बीटा पिक्टोरिसची गोष्ट. २००३ च्या फोटोंत ताऱ्याच्या एका बाजूला ठिपका होता, मग तो ताऱ्याच्या झगमगाटात हरवला आणि २००९ मध्ये दुसऱ्या बाजूला सापडला. आन-मारी लाग्रांज यांच्या गटाने चिकाटीने वाट पाहिली म्हणून तो ग्रह आज पक्का आहे.

चतुःशृंगी

पुण्यातून एक भर घालतो. आयुका या इथल्या खगोलशास्त्र संस्थेचा या तंत्राशी थेट संबंध आहे. आयुका आणि कॅलटेक यांनी मिळून 'रोबो-एओ' नावाची प्रणाली बनवली. २०११ पासून ती कॅलिफोर्नियातल्या पालोमारच्या दीड मीटर दुर्बिणीवर बसली. लेसर सोडून हवेची लाट मोजायची, आरसा दुरुस्त करायचा आणि एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर जायचं, हे सगळं माणसाशिवाय. तिने परग्रहांचे फोटो काढले नाहीत, पण केप्लर या अंतराळ दुर्बिणीने सुचवलेल्या ग्रहांचे शेकडो तारे एकेक करून तपासले. केप्लरला एक दिसणारा तारा प्रत्यक्षात जोडतारा असेल तर ग्रहाचा काढलेला आकार चुकतो, म्हणून ही तपासणी गरजेची होती.

माझा प्रश्न: गिरवलीला आपली दोन मीटरची दुर्बीण आहे. चांगलं यंत्र लावलं तर तिथून एचआर ८७९९चे ग्रह दिसतील?

आकाशवेडी

चतुःशृंगी, रोबो-एओचं लिहिलंत ते फार छान केलंत, अशा गोष्टी मराठीत पोचतच नाहीत.

तुमच्या प्रश्नाला एक सुंदर दाखला आहे. २०१० मध्ये पालोमारच्या पाच मीटर हेल दुर्बिणीचा फक्त दीड मीटरचा तुकडा वापरून एचआर ८७९९चे तीन ग्रह टिपले गेले. यूजीन सेराबिन आणि दिमित्री मावे यांचं काम. तुकडा असा निवडला की मधल्या आरशाची सावली आड येणार नाही. पूर्ण दुर्बिणीचे दट्टे तेवढ्याच तुकड्यावर एकवटले, त्यामुळे दुरुस्ती अतिशय बारीक झाली. शिवाय ताऱ्याचा प्रकाश भोवऱ्यासारखा पिळून बाहेर फेकणारा व्होर्टेक्स करोनाग्राफ. तेव्हा दीड मीटर पुरतात, पण मागे अवरक्तात काम करणारं तसं यंत्र हवं आणि वर शांत हवा हवी. पश्चिम घाटाच्या माथ्यावरची हवा पालोमारइतकी शांत नसते, शिवाय पावसाळ्याचे महिने हातचे जातात.

भिंगवाला

शांत हवेवरून विचारतो. चिलीसारख्या ठिकाणी वारा पूर्ण पडलेली रात्र सगळ्यात उत्तम असणार, नाही का?

आकाशवेडी

काका, स्फिअरच्या लोकांनाही सुरुवातीला हेच वाटलं होतं! घडलं उलटं. हवा स्वच्छ, वारा पडलेला, सगळं मनासारखं, आणि नेमका अशा रात्री ताऱ्याचा ठिपका फुटायचा, बाजूला कानासारखे फुगवटे यायचे.

कारण सापडलं ते दुय्यम आरसा धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्यांमध्ये. रात्री या पट्ट्या आपली उष्णता आकाशाकडे टाकतात आणि भोवतीच्या हवेपेक्षा थंड होतात. वारा असला की हवा वाहून जाते. वारा पडला की पट्टीला खेटून असलेली हवा थंड होऊन तिथेच साचते. थंड हवेतून प्रकाश किंचित हळू जातो. परिणामी पट्टीच्या एका अंगाची लाट दुसऱ्या अंगापेक्षा काहीशे नॅनोमीटर मागे राहते. ही अशी सरळ पायरी त्या संवेदकाला ओळखताच येत नव्हती, त्याच्या मते सगळं सपाट होतं. २०१७ मध्ये पट्ट्यांवर उष्णता कमी टाकणारं खास आवरण चढवलं तेव्हा त्रास पुष्कळ कमी झाला. आठ मीटरचा आरसा, हजारावर दट्टे, आणि अडवणूक करणारी गोष्ट म्हणजे लोखंडाच्या पट्टीला चिकटलेली बोटभर हवा.

वारा जास्त असला तर वेगळी अडचण. उंचावरचे वारे जोरात असले की दुरुस्ती होईपर्यंत हवा पुढे सरकलेली असते आणि ताऱ्याभोवती वाऱ्याच्या दिशेने फुलपाखरासारखा उजेड पसरतो.

मांडवीकाठ

मग हे सगळं अंतराळात नेलं तर हवा नाही, वारा नाही. वेब दुर्बीण आहे की वर. तिला पृथ्वीसारखा ग्रह दिसेल?

आकाशवेडी

वेबने मोठी मजल मारली आहे. २०२२ मध्ये तिने टिपलेला पहिला परग्रह एचआयपी ६५४२६ बी. पण मला खरा आनंद झाला तो जुलै २०२४ मध्ये, एप्सिलॉन इंडी ए बी जाहीर झाला तेव्हा. फक्त १२ प्रकाशवर्षांवर, आणि तापमान साधारण २ अंश सेल्सियस. आधीचे फोटो शेकडो अंश तापलेल्या तरुण ग्रहांचे, हा म्हातारा आणि थंड. २०२५ मध्ये टीडब्ल्यूए ७ भोवती शनीच्या तोडीचा हलका ग्रह मिळाला.

पृथ्वीसारखा मात्र नाही. वेबचा करोनाग्राफ त्या १००० कोटींच्या जवळपासही जात नाही. पुढची पायरी नासाची रोमन ही अंतराळ दुर्बीण. २.४ मीटरचा आरसा, आणि अंतराळातल्या करोनाग्राफमध्ये प्रथमच स्पेकल दडपायला दोन दट्टेदार आरसे, प्रत्येकी ४८ गुणिले ४८. हवा नसताना आरसे कशाला, असं वाटेल. काकांनी विचारलेलंच कारण: यंत्राचे स्वतःचे दोष. तिचा करोनाग्राफ ही तंत्राची चाचणी आहे, पण गुरूसारखा ग्रह परावर्तित प्रकाशात दिसण्याची आशा तिथे आहे. दुसऱ्या पृथ्वीसाठी नासाने 'हॅबिटेबल वर्ल्ड्स ऑब्झर्व्हेटरी'चा बेत आखलाय, साधारण सहा मीटरची. तो अजून कागदावर आहे. दुसऱ्या पृथ्वीचा फोटो आल्याचं तोवर कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

तिसरं_वर्ष

मी बीएस्सीला आहे, फिजिक्स. हे वाचून राहवत नाही. एचआर ८७९९ घरून दिसेल का? आणि दुर्बीण नसताना यातलं काही करून बघता येईल?

आकाशवेडी

तारा दिसेल, ग्रह नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी महाश्वाचा मोठा चौकोन शोध. पूर्वा भाद्रपदाचे दोन तारे, मार्कब आणि शीट, ही त्याची पश्चिमेची बाजू. या दोघांच्या जवळपास मधोमध, चौकोनाच्या किंचित आत एचआर ८७९९ आहे. तेजाची प्रत सहाच्या आसपास, म्हणजे शहराबाहेर साध्या बायनॉक्युलरमध्ये सहज.

करून बघण्यासारखं भरपूर आहे. व्हीएलटी, केक, जेमिनी यांच्या जुन्या निरीक्षणांची कोठारं सगळ्यांना खुली आहेत. जुन्यातून नवं निघतं: एचआर ८७९९चा सगळ्यात बाहेरचा ग्रह हबलच्या १९९८ च्या फोटोंत होता, पण तो २००९ मध्ये दाव्हिद लाफ्रेनियेर यांनी नव्या पद्धतीने वजाबाकी केल्यावर दिसला. तुला पायथन येत असेल तर 'व्हीआयपी' नावाचं फुकट पॅकेज घे. त्याच्या धड्यांत बीटा पिक्टोरिसची खरी चित्रं दिलेली असतात. लॅपटॉपवर चालतं.

तिसरं_वर्ष

ताई, चालवलं. एकेक चित्र बघितलं तेव्हा नुसता गोंधळ होता, रचल्यावर ठिपका आला! पण वजाबाकीत मुख्य घटकांची (ज्या तुकड्यांतून ताऱ्याच्या प्रकाशाचा नमुना बनतो त्यांची) संख्या वाढवत नेली तर स्पेकल कमी होतात आणि ठिपकाही मंद होत जातो. माझं कुठे चुकतंय?

आकाशवेडी

शाब्बास. चुकत काही नाही. घटक वाढवले की नमुना इतका बारकाईने जुळतो की ग्रहाचा थोडा प्रकाशही तो ताऱ्याचा समजून उचलतो आणि वजा करतो. दृश्य जितकं कमी फिरलं असेल आणि ग्रह ताऱ्याच्या जितका जवळ, तितकं हे जास्त. म्हणून दिसणारं तेज खरं मानू नकोस. मोजायचं असेल तर कच्च्या चित्रांत ग्रहाच्या जागी उणे तेजाचा खोटा ग्रह टाक आणि त्याची जागा व तेज बदलत राहा. शेवटच्या चित्रात ती जागा कोरी झाली की तुझ्या खोट्या ग्रहाचे आकडे हेच खऱ्याचे आकडे. व्हीआयपीमध्ये त्याची सोय आहे, त्या धड्यात पुढे येईल. आणि आकड्याबरोबर त्रुटीही काढ: त्याच अंतरावर वेगवेगळ्या कोनांत खोटे ग्रह टाकून प्रत्येक वेळी उत्तर किती हलतं ते बघ, आणि तक्ता इथे टाक. रात्रपाळींना तो तपासायला आवडेल.

रात्रपाळी

टाक, नक्की बघतो. कोन किमान वीस तरी घे, आणि ज्या कोनाला खरा ग्रह आहे तो वगळ.